हरवलेली मासोळी

गेल्या अंकांत या सदरांत जात्याविषयीं चार शब्द लिहिले, त्यांचा एक परिणाम आमच्याच घरीं झाला. लेख वाचून नातवंडांना घरचें जातें हलवून पाहण्याची हौस आली. आमच्या नारपोलीच्या घरांत तें माजघराच्या कोपऱ्यांत, वीस वर्षें तरी जागचें न हललेलें, वर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा वागवीत बसलें होतें. दोघां मुलग्यांनीं व मोठ्या नातवानें मिळून तें बाजूला सरकविलें, आणि खालच्या फरशीच्या फटींतून धाकट्या नातीनें केसांतल्या आंकड्यानें एक काळी ठिक्कर पडलेली वाटोळी वस्तु उकरून काढली. ‘आजोबा, बाळाचा वाळा!’ असें ओरडत ती माझ्याकडे धांवत आली. वाळा नव्हता तो. ती माझ्या आईची मासोळी होती.

मासोळी हा दागिना वाचकभगिनींना सांगावयास नको. ज्या घरांत मासा कधीं चुलीवर चढला नाहीं, त्या घरांतहि तो सवाष्णीच्या पायांच्या बोटांत सुखानें नांदत आला आहे! मात्र आजकालच्या मासोळ्यांत मासोळी शोधून सांपडत नाहीं. चांदीची एक चपटी पट्टी, तिच्यावर दोन रेघा, एवढ्यावर काम भागतें. प्राणी गेला आणि नांव तेवढें उरलें. आईच्या मासोळीवर खवले होते, एक ठसठशीत डोळा होता, आणि शेपटी वळून तोंडाला भिडलेली होती. १९७१ सालीं, मी पांचवींत असतांना, ती हरवली. आईनें केरसुणीनें घराचा कोपरान्‌कोपरा झाडला, उकिरडा दोनदां उपसविला. जात्याखालीं पाहण्याचें मात्र कोणाच्या मनांत आलें नाहीं, आणि ती तर रोज सकाळीं त्याच जात्यावर बसत असे.

उरलेल्या दुसऱ्या मासोळीची हकीकत मला सांगितलीच पाहिजे. ती पुष्कळ वर्षें पेटींत पडून होती. २००९ सालीं मुलीच्या लग्नांत पैंजणांना चांदी कमी पडूं लागली, तेव्हां ‘एकटीचा काय उपयोग?’ असें मीच म्हणालों, आणि पळीचा एक तुटका दांडा व दोन वाळे यांच्याबरोबर ती मोडींत घातली. सोनारानें माझ्यासमोर ती मुशींत टाकली व टांकणखाराची चिमूट सोडली. प्रथम खवले गेले, मग डोळा गेला, मग सगळी चांदी एका थेंबासारखी गोळा होऊन थरथरूं लागली. त्या वेळीं मला कांहींएक वाटलें नाहीं. कांट्यावर वजन बरोबर येतें कीं नाहीं, तेवढेंच मी पाहत होतों.

आतां नातीनें चिंचेनें घांसून मासोळीचा एक डोळा उघडला, आणि विचारलें, ‘आजोबा, धातूचा पहिला प्राणी कोणीं केला?’

पस्तीस वर्षें शाळेंत घालविलेल्या माणसाला प्रश्नाचें उत्तर येत असो वा नसो, देण्याची संवय असते. परंतु या प्रश्नाला पहिला म्हणून एक मनुष्य दाखवितां येत नाहीं. सिंधूच्या कांठीं मोहेंजोदडो येथें चार हजार वर्षांहून जुनी एक कांशाची टांचणी निघाली आहे. तिच्या माथ्यावर दोन काळविटांचीं मस्तकें एकमेकांकडे पाठ करून बसविलेलीं आहेत. इराणच्या पश्चिमेस लुरिस्तानच्या डोंगरांत, इसवी सनापूर्वीं एक हजार वर्षांच्या सुमारास व त्यानंतर कांहीं शतकें, टांचण्यांवर आणि घोड्यांच्या लगामांवर बकरे, सिंह आणि पंख असलेले अद्‌भुत पशु घडविले जात होते. धातु हातीं आला कीं मनुष्यानें जसें त्याचें शस्त्र केलें तसाच प्राणी केला, आणि तो अंगावर नाहींतर जनावरावर चढविला, असें दिसतें. आपल्या महाराष्ट्रापुरतें विचाराल, तर मात्र मी मुलीला हात धरून थेट प्रवरेच्या कांठीं नेईन.

त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत श्रीरामपूर तालुक्यामध्यें दायमाबाद हें गांव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडाचा शोध १९५८ सालीं बो. प. बोपर्डीकर यांना लागला, आणि त्यानंतर म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शां. अ. साळी यांच्या देखरेखीखालीं तेथें निरनिराळ्या वेळीं उत्खनन झालें. परंतु दायमाबादचें नांव ज्यामुळें जगभर झालें, ती वस्तु या विद्वानांच्या कुदळीला लागली नाहीं. १९७४ सालीं तेथला एक भिल्ल शेतकरी झाडाचें खोड मुळासकट उपटीत असतां जमिनींतून चार ओतीव आकृति वर आल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि दोन बैलांचा रथ, त्यांत उभा असलेला सारथि. रथ सुमारें ४५ सेंटिमीटर लांब, हत्ती पंचवीस सेंटिमीटर उंच, रेडा त्याच्याहूनहि उंच, एकतीस सेंटिमीटर. गेंडा आणि रेडा यांना खालीं भरीव चाकें आहेत. हत्तीच्या चौथऱ्याला आंस बसविण्याची सोय आहे, पण चाकें नाहींत. तीं केव्हां गेलीं कोण जाणे. चारांचें मिळून वजन साठ किलोहून अधिक.

साठ किलो! वाचकहो, घडीभर कल्पना करा. आपल्या कोणाच्या शेतांत अशा चार आकृति निघाल्या असत्या, तर त्यांची वाट किती दिवसांत आणि कोणत्या दुकानाकडे लागली असती? मी स्वतःच्या मासोळीची वासलात कशी लावली तें वर सांगितलेंच आहे, तेव्हां दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार मला नाहीं. त्या चार प्राण्यांचें नशीब मात्र थोर. ते मुशींत न जातां वस्तुसंग्रहालयांत गेले.

आज प्रवरेकांठीं उसाचे मळे आहेत, आणि गेंडा पाहावयाचा तर आसामकडे जावें लागतें. परंतु ज्यानें तो गेंडा घडविला त्यानें तो पाहून घडविला असावा, असें त्याच्या कातडीच्या घड्यांकडे पाहून मला तरी वाटतें. हत्तीच्या सोंडेंतहि तोच जिवंतपणा आहे. छायाचित्रांत या आकृति प्रथम पाहिल्या तेव्हां मला वैदर्भीय शेजाऱ्यांच्या तान्ह्या पोळ्याची आठवण झाली. तिकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलें चाकांवरचे लांकडी बैल दोरीनें ओढीत मिरवितात. दायमाबादच्या या आकृति खेळणीं खासच नव्हत. एवढें ओझें मुलांच्यानें ओढवणार नाहीं. त्या मिरवणुकींत वा पूजेंत ओढल्या जात असाव्यात, असा कांहीं पंडितांचा तर्क आहे, आणि तो मला पटतो.

हें ओतकाम झालें कसें? येथें आपल्या संस्कृत ग्रंथांचें साह्य होतें. कल्याणी चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा ग्रंथ रचला. त्यांत मूर्ति ओतण्याची जी रीत दिली आहे तिला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचें उष्टें, अर्थात् मेण. प्रथम मेणाची मूर्ति करावयाची, तिला मेणाचीच नळी लावावयाची, आणि मग तिच्यावर मातीचे तीन लेप द्यावयाचे. माती तरी कशी? जाळलेला कोंडा, बारीक कुटलेला कापूस आणि थोडें मीठ घालून पाट्यावर वाटलेली. पहिला लेप पातळ, तो सावलींत वाळवावयाचा, शेवटचा जाड. नंतर सांचा तापविला कीं मेण वितळून नळीवाटें निघून जातें, आणि त्यानें मोकळ्या केलेल्या जागेंत धातूचा रस ओततात. मेणाच्या आठपट तांबें किंवा पितळ, बारापट रुपें, सोळापट सोनें, असें प्रमाणहि राजानें दिलें आहे. रस निवाला कीं सांचा फोडावयाचा.

यांतील कापसाची गोष्ट वाचून मी थांबलों. आमच्या नारपोलींत दिवसरात्र मागांची खटखट चालते. कापूस म्हणजे सूत, सूत म्हणजे कापड, याहून दुसरा कांहीं उपयोग येथल्या पोराच्या स्वप्नांतहि यावयाचा नाहीं. आणि इकडे मूर्तिकार तोच कापूस मातींत वाटून घालतो, कां तर वाळतांना माती तडकूं नये, आणि तंतु जळून गेले म्हणजे त्यांच्या वाटेनें आंतली वाफ बाहेर पडावी.

दायमाबादचे प्राणी मानसोल्लासाच्या कितीतरी शतकें अगोदरचे. परंतु तेहि मेणाच्याच रीतीनें आणि भरीव ओतलेले आहेत, असें जाणते सांगतात. तांबें वितळावयाला हजार अंशांहून अधिक, नेमकें बोलावयाचें तर १०८५ अंश सेल्सिअसची आंच लागते. त्यांत कथील मिसळलें कीं तें थोड्या कमी आंचेवर वितळतें, रस सुरळीत वाहतो आणि ओतलेली वस्तु कठीण होते. चुलीवर हें काम होत नाहीं. कोळसा पाहिजे, भाता पाहिजे, आणि भात्यावर न थकणारा हात पाहिजे. एवढा रस एका दमांत ओतणारा ओतारी कोणी साधासुधा खेडूत नव्हता.

आमच्या घरीं श्रावणांत अभिषेकाच्या वेळीं चमक म्हटलें जातें. त्यांत यजमान जें जें मागतो त्यांत हिरण्य, अयस्, सीस, त्रपु, श्याम आणि लोह हे सहा धातु आहेत. लहानपणीं मी लोह म्हणजे लोखंड समजून म्हणत असें. पुढें गुरुजींनीं सांगितलें कीं लोह म्हणजे येथें तांबडा धातु, तांबें, आणि श्याम म्हणजे काळें लोखंड, असा अर्थ पुष्कळ विद्वान् करितात. त्रपु म्हणजे कथील. म्हणजे कांशाचे दोन्ही घटक आपण दरवर्षीं देवापाशीं मागतों, आणि पूजा आटोपली कीं कांशाचें भांडें जड होतें म्हणून मोडींत घालतों!

हा धातु आपल्या प्रांतांत पूर्वीं किती दुर्मिळ होता याची आज कल्पना येत नाहीं. सह्याद्रीच्या काळ्या दगडांत तांब्याची खाण नाहीं. जें तांबें येई तें दुरून येई, आणि जें आलें तें पिढ्यान्‌पिढ्या फिरत राही. पुढें काळ बदलला. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाचा एक ग्रीक व्यापारी, जो पुढें संन्यासी झाला, आमच्या शेजारच्या कल्याण बंदराविषयीं लिहितांना येथून बाहेर जाणाऱ्या मालांत तांब्यापितळेच्या जातीचा धातु, लांकडाचे सोट आणि कापड यांची नांवें घेतो. धातु आणि कापड! कल्याणच्या खाडीचा हा जुना जोडधंदा. त्यांतले कापड आमच्या भिवंडीनें अजून सोडलेलें नाहीं.

धातु आणि सूत यांची याहूनहि जुनी एक गांठ नेवाशास सांपडली आहे, आणि ती मला दायमाबादच्या हत्तीपेक्षांहि अधिक जवळची वाटते. १९५४ ते १९५६ या सालांत डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनीं तेथें उत्खनन केलें. तीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तींत एका लहान मुलाचें दफन निघालें. त्याच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ होती. ज्या दोऱ्यांत ते मणी ओवले होते त्याचा तुकडा मण्यांच्या भोंकांत तसाच राहिला होता, आणि तो तपासला तेव्हां त्यांत रेशीम आणि कापूस असल्याचें आढळलें. सूत जमिनींत चार पावसाळे टिकत नाहीं. पण तांब्याला चढणारा हिरवा गंज किडीला आणि कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना विषासारखा असतो. त्यानें तो दोरा राखला. कोणा आईनें लेंकराच्या गळ्यांत शेवटची माळ घातली, तिची गांठसुद्धां कदाचित् तिनेंच मारली असेल. ज्या गंजाला आपण राख नि चिंच लावून घालवितों, त्यानें ती गांठ तीन हजार वर्षें सांभाळली.

विदर्भांत नागपूरजवळ माहूरझरी येथें १९७० नंतर शां. भा. देव यांनीं जीं शिळावर्तुळें खणलीं, त्यांत माणसांबरोबर घोडेहि पुरलेले निघाले. त्या घोड्यांच्या तोंडांवर तांब्याच्या पत्र्याचीं, लोखंडी खिळ्यांनीं जडविलेलीं आभूषणें होतीं. आणि तिकडच्या शिळावर्तुळांतून तांब्याचीं अशीं झांकणें मिळालीं आहेत कीं ज्यांच्या मुठीवर पक्षी बसलेला आहे. इकडे माणसाच्या अंगावर जनावर, तिकडे जनावराच्या अंगावर दागिना. बैलाला घुंगुरमाळा आणि शिंगांना पितळी शेंब्या घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यांत कांहींच नवल वाटणार नाहीं.

परंतु मला खरें नवल वाटतें तें असें, कीं या साऱ्या वस्तु आपल्याला मिळाल्या कशा? पुरलेल्या, पडलेल्या, दडविलेल्या, विसरलेल्या. जी वस्तु कोणाच्या हातीं, कोणाच्या पेटींत, कोणाच्या अंगावर राहिली, ती केव्हांना केव्हां मुशींत गेली, आणि तिचें कांहीं दुसरेंच झालें. दायमाबादच्या त्या ओताऱ्यानें आयुष्यभरांत चारच प्राणी केले असतील काय? शेंकडों केले असतील. बाकीचे आपल्या आज्याच्या आज्यांच्या घागरींत, घंटेंत, कदाचित् त्या कॉस्मसच्या गलबतांतहि असतील. माझ्या आईच्या दोन मासोळ्यांपैकीं जी नीट जपून ठेवली ती गेली, आणि जी हरवली तीच आज माझ्या तळहातावर आहे.

तथापि नुसतें टिकणें पुरत नाहीं. दायमाबादच्या चार आकृति उत्खननांत थरांतून निघाल्या असत्या तर त्यांचें वय ठरविणें सोपें झालें असतें. त्या झाडाच्या मुळाशीं सांपडल्या, आणि कोणत्या थरांत त्यांचें नेमकें ठिकाण होतें याची नोंद करणारा तेथें कोणी नव्हता. त्यामुळें वाद उभा राहिला. म. के. ढवळीकर, साळी प्रभृति विद्वान् त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळांतल्या, म्हणजे इसवी सनापूर्वीं दोन हजारांच्या सुमाराच्या मानतात. उलट धर्मपाल अग्रवाल यांनीं धातूचें पृथक्करण पुढें करून शंका काढली, कीं यांत सोमल एक टक्क्याहून अधिक आहे, आणि तसें मिश्रण त्या काळच्या आपल्याकडील इतर वस्तूंत आढळत नाहीं; तेव्हां त्या पुष्कळ अलीकडच्या असूं शकतील. साठ किलोंची साक्ष समोर उभी आहे, पण तिला स्वतःचें वय सांगतां येत नाहीं.

हें वाचीत असतांनाच आमच्या घरांतला वाद ऐन रंगांत आला होता. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मुद्दाम डोंबिवलीहून आली. तिचें म्हणणें, आईची चांदी आहे, तिचें देवापुढें निरांजन करावें; पायांतली वस्तु देवाजवळ कशी चालेल, या शंकेला तिचें उत्तर तयार होतें कीं अग्नींतून गेलें तें शुद्ध. सूनबाईंचें म्हणणें, हिच्यासारखी दुसरी करून घ्यावी म्हणजे जोड होईल आणि ती त्या स्वतः घालतील. आमच्या सौभाग्यवतींनीं दोन्हीकडे मान डोलाविली. शेवटीं सूनबाई, नात आणि मी अशी तिघें सोनाराकडे गेलों. २००९ मध्यें गेलों होतों तें दुकान नव्हे, दुसरें. त्यानें मासोळी कांट्यावर टाकली. साडेसहा ग्रॅम. ‘हिला वितळवायचें कारण नाहीं,’ तो म्हणाला. ‘हिच्यावरून रबराचा सांचा काढतों, त्यांत मेण भरतों, त्या मेणावरून हुबेहुब दुसरी ओतून देतों.’

‘मेण?’ मी विचारलें.

‘मेणच. दुसरें काय?’ त्याला माझ्या चेहऱ्यावरचा आनंद कांहीं कळला नाहीं. मानसोल्लासांतलें मधूच्छिष्टविधान भिवंडीच्या बाजारपेठेंत अजून चालूं आहे, हें त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलें नव्हतें. रबर तेवढें नवीन, त्यामुळें आतां एका सांच्यांतून पाहिजे तितक्या निघतात.

आठ दिवसांनीं दोन मासोळ्या घरीं आल्या. जुनी उजळूं नका असें सूनबाईंनीं बजावून सांगितलें होतें म्हणून बरें. नाहींतर कोणती कोणती हें मलाहि ओळखतां आलें नसतें. अक्का निरांजनाचा हट्ट सोडून मुकाट्यानें जुनीवरून बोट फिरवीत बसली. खवल्यांवरून उलटें बोट फिरविलें कीं खरखर लागते, तशी नवीला लागत नाहीं, एवढें एकच ती बोलली. उद्यां आम्ही गेलों म्हणजे हें सांगणार कोण? तेव्हां नातीला बसवून एक चिठ्ठी लिहविली, आणि जुन्या मासोळीबरोबर डबींत घातली. तिनें लिहिलें तें असें: ‘ही जुनी. आजोबांच्या आईची. १९७१ सालीं हरवली, नारपोलीच्या घरांत जात्याखालीं सांपडली. नवी आईच्या पायांत आहे. मोडींत देऊं नये.’

डबी बंद करतां करतां ती थांबली. ‘आजोबा, पण मासा कोणता तें राहिलें.’ आमच्या साऱ्या खानदानांत याचें उत्तर देणारा मनुष्य नव्हता. दुसऱ्या दिवशीं शाळेंतून येतांना तिनें नाक्यावर बसणाऱ्या कोळणीला मासोळी दाखविली. त्या बाईंनीं ती उजेडाकडे धरून एकदांच पाहिली आणि म्हणाल्या, ‘बोय हाय ही. खाडींतली. खवलं बघ ना केवढीं तीं.’

चिठ्ठी पुन्हां उघडून तेवढी एक ओळ खालीं घातली आहे.